डाव्या बाहीचं भांडण

नरडाणा,
१२ फेब्रुवारी १९६९

ती. सौ. कुंदाअक्का हिस,

पत्राच्या डोक्यावर श्री घातलेला नाही, सुतक आहे. तार मिळालीच असेल. तू बाळंतीण, बाळ अजून महिन्याचंही नाही, तेव्हा कुंदाला रडवणारं काही लिहायचं नाही असं भाऊंनी मला बजावलंय. म्हणून बेतानेच लिहितो.

आबा अगदी आबांसारखे गेले. सकाळी आईने त्यांना नेहमीचा बिनसाखरेचा चहा दिला. एक घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "सूनबाई, हाई चहा शे का औषध?" आणि भिंतीला टेकले. आईला वाटलं रुसले. ती चुलीकडे वळून परत येते तो संपलं होतं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, एक दिवस अंथरुणाला खिळला नाही की कुणाकडे पाणी मागितलं नाही. गाव म्हणालं, म्हाताऱ्याचं सोनं झालं. टाळमृदंग लावून, गुलाल उधळून नेलं. आईच रडत होती तेवढी, आणि तीही चहात साखर घातली नाही म्हणून.

एक गंमत सांगतो. अंत्ययात्रा स्टेशनवरून गेली तेव्हा स्टेशनमास्तर बाहेर आले आणि मलाच विचारलं, "कोण गेलं?" आता आबा दर बाजाराच्या दिवशी गाडी बघायला स्टेशनवर जायचे, दहा वर्षांत एक बाजार चुकवला नाही, आणि ह्या माणसाला त्यांचा चेहरा माहीत नाही! रेल्वेच्या लोकांचं लक्ष कुठे असतं देव जाणे.

आणि आता मी केलेली एक गोष्ट, ती वाचून तुला बरं वाटेल. गल्लीच्या तोंडाशी भटू शिंपी उभा होता, टोपी हातात घेऊन. खांदा द्यायला पुढे येऊ लागला तसा मी आडवा झालो. म्हटलं, "नाना, दहा वर्षं तुम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. आता मेल्यावर कशाला?"  भिंतीला लागून उभा राहिला आणि आम्ही पुढे गेलो. पुढे मडकं घेऊन चालणाऱ्या भाऊंच्या लक्षातही आलं नाही. आबांचा मान मी एकट्याने राखला.

बाळाला माझा पापा.

तुझा,
अभिमन


बोदवड,
२१ फेब्रुवारी

चि. अभिमनला आशीर्वाद, जरी तुझी लायकी नसली तरी.

तुझं पत्र वाचून मी रडले नाही. रडायला बसले होते, पण शेवटच्या परिच्छेदाशी आले आणि रडण्याच्या जागी राग आला. सासूबाई म्हणतात, बाळंतिणीने चिडू नये, दूध आटतं. आटलं तर तुझ्या नावाने गाईचं दूध लावीन.

अरे, तू आबांचा मान राखलास म्हणे! आबांनी कधी स्वतःचा मान राखला होता का? मी सात-आठ वर्षांची असताना ते मला आपल्याच मळ्यात नेऊन काकड्या चोरायला शिकवायचे. आपल्याच मळ्यात! वाकून, धोतर आवरून, रखवालदाराची नजर चुकवून. रखवालदार आपला, काकड्या आपल्या. मी विचारलं, "आबा, आपलंच आहे तर चोरायचं कशाला?" तर म्हणाले, "मांगीसन खादेल काकडी पानचट लागस." असा माणूस. त्याचा मान राखायला तू गल्लीत आडवा झालास.

आता मी सांगते ते ऐक आणि कारण विचारू नकोस. एक, आबांचे कपडे दान द्यायला काढतील, त्यातला माझ्या लग्नातला काळा कोट कुणालाही द्यायचा नाही. तुझ्या पेटीत घालून कुलूप लाव. दुसरं, भटूनाना जेवतात का, दुकानात बसतात का, ते बघून ये. आणि तिसरं, यंदाची आखाजी आबांची पहिली. अक्षय तृतीयेला पाटावर पितर म्हणून जो बसेल तो त्या दिवशी आबाच. भाऊ त्याचे पाय धुणार, आई पदर घेऊन पाया पडणार, सगळे त्याला आबाच म्हणणार. त्या पाटावर भटूनानाच बसले पाहिजेत. दुसरं कुणी नाही.

कारण मला सांगता येत नाही. कानबाईची शपथ घातली आहे.

तुझी,
कुंदाअक्का


नरडाणा,
५ मार्च

ती. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग गुपचूप वैद्यबुवांना विचारून आलो. ते म्हणाले, बाळंतपणात वात डोक्यात चढला तर बाई असंबद्ध बोलते. दशमुळाचा काढा घे.

अगं, भटू शिंपी आबांच्या पाटावर? तुझ्याच लग्नात काय झालं ते विसरलीस? माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. भर मांडवात आबांनी त्याने शिवलेला नवा कोट चढवला, तर उजवी बाही मनगटापर्यंत आणि डावी चार बोटं आखूड! आबा ओरडले, "भट्या, तू शिंपी शे का कसाई?" आणि तो निर्लज्ज म्हणतो, "बाही बरोबर शे. तुना हातच लांब व्हयना, दुसरानं उचली उचली!" तुझे सासरे अक्षता हातात धरून बघत राहिले. साठ वर्षांची दोस्ती त्या दिवशी मोडली ती मोडलीच. आबा त्याच्या दुकानापुढून गेले तर तोंड फिरवून थुंकायचे. आणि त्याला पुरणपोळी वाढायची? माझी काही तत्त्वं आहेत.

तरी तू सांगितलंस म्हणून बघून आलो. जेवतो की नाही ते कळलं नाही, पण ऐक. परवा बाजारात भटूनाना हलवायासमोर उभा. जिलबीच्या दोन पुड्या घेतल्या. दोन! आबांना जाऊन महिना झाला नाही आणि ह्याची जिलबी सुरू. पुड्या घेऊन दुकानात गेला आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. मी मुद्दाम खिडकीतून पाहिलं. दोन्ही पुड्या समोर उघडून ठेवल्या होत्या आणि नुसता बसला होता, खातही नव्हता. इतका आनंद झाला असेल की घास उतरत नसेल. शत्रू मेल्याचा उत्सव ह्याला म्हणतात.

आखाजीचं ठरलंही आहे. भाऊंनी पितर म्हणून पुनामामाला सांगितलंय. मामा खूश आहे, आतापासून एक वेळ जेवतो म्हणे.

कोट पेटीत ठेवला आहे, कारण तू मोठी आहेस.

तुझा,
अभिमन


बोदवड,
१२ मार्च

चि. अभिमन,

काढा तू घे. वैद्यबुवांनाही दे.

ती दोन पुड्यांची हकीगत मी वाचली आणि ह्या वेळी खरंच रडले. तू खिडकीतून पाहिलंस ते सगळं खरं पाहिलंस, पण तुझ्याइतका आंधळा माणूस मी पाहिला नाही.

शपथ अशी आहे की हे तोंडाने कुणाला सांगायचं नाही. तेव्हा मी तोंडाने काही सांगत नाही. तू एवढंच कर. दार लावून घे, पेटीतला कोट काढ आणि डाव्या बाहीच्या टोकाचं अस्तर उसव. कात्रीने नको, ब्लेडने, टाका टाका. मग कोट घेऊन भटूनानांकडे जा. पुढच्या दाराने नको. दुकानाला मागे एक दार आहे, स्टेशनच्या बोळात उघडतं, त्याने जा.

भाऊंना ह्यातला एक शब्द कळता कामा नये. कळला तर भटूनानांना आपल्या दारात आयुष्यात पाऊल ठेवता येणार नाही. आणि त्यांचं आयुष्य आता उरलंय किती?

कुंदाअक्का


नरडाणा,
२३ मार्च

ती. अक्का,

माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. सगळं नीट लिहितो.

अस्तर उसवलं. आत कापड दुमडलेलं. ओढलं तसं निघत गेलं, निघत गेलं, आणि डावी बाही उजवीच्या बरोबरीला आली! कोट कधी आखूड कापलेलाच नव्हता. मी कोट काखेत मारला आणि मागच्या बोळाने गेलो. दार लोटलेलं होतं. भटूनाना जुन्या मशीनसमोर बसले होते, मशीनवर काही शिवण नव्हतं. मी बाही पुढे धरली.

त्यांनी ती हातात घेतली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाही मी कापी नही रे. दुमडी. सुपडूना कोट कापाले मना हात धजी का?"

आबांना सुपडू म्हणून हाक मारणारे आता ते एकटेच. मग सगळं सांगितलं. धुळ्याच्या डॉक्टरने आबांना मधुमेह सांगितला, गोड बंद केलं. भाऊ कसे ते तुला ठाऊक. आबा दिसले नाहीत की भाऊ सरळ भटूनानांच्या दुकानात. एकदा दोघांना जिलबीसकट धरलं. नाना सांगत होते, "तवय सुपडू बोलना, भट्या, आपले भांडनं पडी. असं भांडनं पडी का आठे मले शोधाले कोनी येवाव नही. मांडवमाच भांडूत, बठ्ठा गाव दखी." आणि खरंच, अक्का, त्या दिवसानंतर आबा कुठेही सापडत नसले तरी त्या दुकानात कुणी डोकावलं नाही. आबा घरात सांगायचे, गाडी बघायला जातो. नाना जिलबी आणून ठेवायचे. आबा बिड्यांचा कट्टा न्यायचे, कारण नानांच्या सुनांनी खोकल्यापायी त्यांची बिडी बंद केली होती. एकाचं पथ्य दुसऱ्याने मोडायचं. मग पत्ते. दुकानापुढून जाताना थुंकायचं ते ठरवून, आणि कुणी जास्त जोरात थुंकलं ह्यावर आत भांडण.

मला आधी रागच आला. मी म्हटलं, "म्हणजे तुम्हीच आबांना गोड खाऊ घालून मारलंत!"

नानांनी मशीनवर थाप मारली. म्हणाले, "अठ्याऐंशी वरीसना डोकरा जिलबीघाई मरना का रे? ज्या डाक्टरनी गोड बंद करं तो कवयना गया. तुले किती वरीस जगनं शे ते सांग, मी तितली जिलबी आनस."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. आणि हसता हसता म्हणाले, "मी त्याले खांदा नही दिधा, अभिमन."

मी मान खाली घातली. मग म्हटलं, नाना, आखाजीला तुम्ही आमच्या पाटावर बसायचं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तुना बाप बोलावाले ई तवय इसू. चोरीसन जिलबी खावानी, चोरीसन पितर नही व्हता येत."

आता भाऊंना काय सांगू? खरं सांगितलं तर ते म्हणतील, माझा बाप ह्या शिंप्याने मारला. खोटं सांगितलं तर ते म्हणतील, ह्या शिंप्याने माझ्या बापाची मांडवात शोभा केली. दोन्हीकडून दार बंद. आणि मध्ये एक वेळ जेवणारा पुनामामा.

काही सुचव.

अभिमन


बोदवड,
३० मार्च

चि. अभिमन,

शहाणा झालास, बरं वाटलं. डोळे उघडायला ब्लेड लागलं एवढंच.

तू विचारणारच, म्हणून मला हे कसं माहीत ते सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी माहेरी आले. म्हटलं आबा गाडी बघायला आलेच असतील, फलाटावर शोधलं तर कुणी नाही. बोळातून घराकडे निघाले तर शिंप्याच्या मागच्या दारातून आबांचं हसू ऐकू आलं. दार ढकललं. आबांच्या मिशीला पाक आणि नानांच्या तोंडात बिडी. दोघं शाळेतल्या पोरांसारखे उभे राहिले. आबांनी तिथल्या तिथे मला शपथ घातली आणि तोंड बंद ठेवायला अर्धी पुडी दिली. मग दर माहेरपणाला मी तिथे जात होते. मी बोदवडहून काय काय आणायचे आणि सासूबाईंना माहेरी काय काय नेते म्हणून सांगायचे, ते जाऊ दे.

खरं सांगू, अभिमन? आबा गेल्याचं ऐकलं तेव्हा मला घराची आठवण आली नाही, त्या खोलीची आली. आबा घरात म्हातारे होते. तिथे नव्हते.

आता काम. भाऊंशी बोलायचंच नाही. आईशी बोल, आणि तेही एकच वाक्य. ती भाकरी थापत असताना जवळ बस आणि सहज म्हण, "आई, आखाजीला तुला पुनामामाच्या पाया पडावं लागेल, नाही का?" आणि उठून ये. पुढचं आई बघेल.

भाऊ मग दुसरा माणूस शोधतील. तेव्हा विचार, की आपल्यात पितर मेलेल्या माणसाच्या वयाला साजेसा बघतात ना? आबांच्या वयाचं गावात आता आहे कोण?

मी गाडीने येतेच आहे. पाटावर बसलेल्या नानांचं तोंड मला बघायचंय.

कुंदाअक्का


नरडाणा,
१० एप्रिल

ती. अक्कास साष्टांग नमस्कार. ह्यापुढे तुला साष्टांगच घालणार.

वाक्य बोललो आणि उठलो. दाराशी पोचलो नसेन तोच मागून तव्यावर उलथनं आपटलं. "पुना मना धाकला भाऊ शे! त्यानं नाक मी पुसेल शे! पदर लिसन त्याना पाया मी पडू?" संध्याकाळी भाऊ घरी आले तोवर आईने निकाल देऊन टाकला होता. पुनाला पाटावर बसवायचं असेल तर खापर तुम्ही तापवा आणि पुरणपोळ्याही तुम्हीच करा. भाऊ दोन दिवस दुसरा माणूस शोधत होते. कुणी भाऊबंद निघाला, तो पितर चालत नाही, कुणी वयाने लहान, एक सापडला तो बहिरा. मग मी वयाचं बोललो. भाऊ म्हणाले, "आबांच्या वयाचं कोण आहे आता?" मी छताकडे बघत बसलो. शेवटी ते स्वतःच म्हणाले, "एक भट्याच शे."

मी म्हटलं, "छे! तो? आबांचा शत्रू?" तुझीच शिकवण. भाऊंना विरोध केला की ते त्या बाजूला जातात. छाती काढून म्हणाले, "मरेल मानूसशी वैर कसानं? मी त्याले माफ करस." आणि माफ करायला पागोटं बांधून निघाले, मी मागे.

पुढच्या दाराने गेलो. नानांनी काय नाटक केलं, अक्का! भाऊ म्हणाले, "नाना, झायं गयं इसरी जा. मी तुमले माफ करं." तर नाना कापड मोजायचा गज घेऊन उभेच राहिले. "माफ? बाही मनी, कापड तुना बापनं, आनि माफ तू करस? चालता व्हय!" मी घाबरलो, म्हटलं हा माणूस आता खरंच हाकलतो की काय. भाऊंनी मग हात जोडले. नाना नाही म्हणाले. भाऊंनी पुन्हा विनवलं. तेव्हा कुठे नाना म्हणाले, "इसू. पन सुपडूकरता इसू, तुनाकरता नही." भाऊ वाटेत मला सांगत होते, "हेकट माणूस आहे. पण आपण मन मोठं केलं पाहिजे." मी धोतराचा सोगा तोंडात धरून चालत होतो.

घरी आल्यावर आईने मला मागच्या अंगणात बोलावलं. हळू आवाजात म्हणाली, "बरं करं. भटूनानाच पाहिजे व्हता." मी उडालोच. म्हटलं, तुला काय माहीत? तर म्हणाली, "तुना आबाना खिसाले मुंग्या लागेत. दर बाजारना दुसरा दिन. पैरन कोन धोये, तू? मी काय आंधयी शे?" दहा वर्षं आई पाकाचे डाग धूत होती आणि सकाळी बिनसाखरेचा चहा देत होती. मी विचारलं, भाऊंना का नाही सांगितलंस? म्हणाली, भाऊ काळजीने मेले असते आणि आबा जिलबीवाचून. कुणाला मारू?

आता एकटे भाऊच राहिले ज्यांना काही माहीत नाही. ते तसंच राहू दे.

गाडी कधीची?

अभिमन


बोदवड,
१५ एप्रिल

चि. अभिमन,

मला येता येत नाही. थोरल्याला गोवर निघाला आहे, बाळाला वेगळ्या खोलीत ठेवलंय आणि मी दोन खोल्यांत धावते आहे. आबांच्या मरणाला नव्हते आणि आता पहिल्या आखाजीलाही नाही. फार वाईट वाटतंय, अभिमन. लपवून काय करू.

तू सगळं लिही. ताटात काय होतं, कोण काय बोललं. एक घासही गाळू नकोस.

अक्का


नरडाणा,
२० एप्रिल

ती. अक्का,

थोरल्याचा ताप उतरला असेल. हे पत्र बाळाला पाजून झाल्यावर निवांत वाच.

काल सकाळी आईने आबांची घागर भरली, वर डांगराचं फळ ठेवलं. भटूनाना वेळेवर आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, आणि आल्या आल्या उंबऱ्याशी अडखळले. दहा वर्षांनी पाऊल ठेवत होते. मी हात दिला. माझ्या खांद्यावर त्यांनी भार टाकला तो जरा जास्तच वेळ टाकला.

पाटावर बसले. भाऊंनी पाय धुतले, गंध लावलं आणि म्हणाले, "आबा, या." बस्स, त्यानंतर नाना नानांसारखे वागलेच नाहीत. आबांसारखी मांडी घातली, आबांसारखी मिशी पुसली. आईने पदर घेऊन पाया पडताच म्हणाले, "सूनबाई, आज तरी चहा गोड करजो." आई हसली आणि आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

ताट सांगतो. खापरावरची पुरणपोळी, पहिल्या आंब्यांचा रस, सांजोऱ्या, कुरडया, भात, कटाची आमटी. भाऊंनी आबांच्या नावाने निखाऱ्यावर आगारीचा घास टाकला, तूप घातलं, जाळ उठला. मग जेवण. नाना जेवत होते. भाऊ स्वतः वाढत होते. दुसरी पोळी वाढली, वर रस घातला, तिसरी घेऊन वाकले आणि तसेच थांबले. पोळी हातात, आणि डोळ्यांतून पाणी. मी भाऊंना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आबांना नेलं तेव्हाही रडले नव्हते.

म्हणाले, "आबा, दहा वरीस मी तुमना ताटमाईन गोड काढं. सनले काढं, लगनमा काढं. तुमी मांगेत आनि मी नही म्हने. आनि शेवटे तुमले तसंच उपाशी धाडं."

मी आईकडे पाहिलं. आई दारात उभी. नाना ताटाकडे बघत होते. अक्का, मला कळत होतं ते काय तोलत होते. गप्प बसले तर जेवून, विडा खाऊन, मानाने घरी जातील. बोलले तर भाऊ त्यांना पाटावरून उठवून हाकलू शकत होते. मी मनात म्हणत होतो, नाना, बोलू नका.

नानांनी भाऊंचं मनगट धरलं. "रडू नको रे पोऱ्या," म्हणाले. साठीच्या भाऊंना पोऱ्या म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. "मी उपाशी नही गऊ. तू काढं तितलं मी खाई लिधं."

भाऊंना कळेना. "कोठे?"

"भट्याना दुकानमा. दर बाजारले. तुमले सांगू गाडी दखाले जास, आनि मांगला दारतीन तठे जाऊ. जिलबी खाऊ. भांडनं, बाही, बठ्ठं खोटं व्हतं. तू शोधाले येवाले नको म्हनीसन."

 भाऊंनी नानांच्या तोंडाकडे पाहिलं. मी पुढे सरकलो, वाटलं आता भडका उडतो.

भाऊ म्हणाले, "खरं का, आबा?"

"पाटवर बठीसन खोटं बोलू का?"

"कितली खात?"

"पोट भरीसन."

भाऊ खालीच बसले, पाटासमोर, जमिनीवर. आधी मला वाटलं रडतायत. मग पाहिलं तर खांदे हलत होते ते हसण्याने. हसत होते आणि डोळे पुसत होते, आणि म्हणत होते, "पोट भरीसन... पोट भरीसन..." आई पण दारात हसत होती, पदर तोंडाला लावून. नाना मात्र हसले नाहीत. पोळीचा तुकडा मोडून रसात बुडवत राहिले.

बऱ्याच वेळाने भाऊ गंभीर झाले. हात जोडले, पण भटूनानांना नाही, आबांनाच. म्हणाले, "आबा, भटूनानाले एक निरोप द्या."

"बोल."

"त्यास्ले म्हनो, रोज संध्याकाये आमना वट्टावर बठाले येत जा. आमना घरमा आते कोनी डोकरं नही."

नानांनी तुकडा ताटात ठेवला. टोपी काढली, परत घातली. मला वाटलं आता ते नाना होऊन रडणार. पण पाटाची शिस्त त्यांनी मोडली नाही. शेवटपर्यंत आबाच राहिले. म्हणाले, "सांगस त्याले. पन तो हेकट शे. एकदाव सांगीसन तो आयकाव नही."

आज संध्याकाळी भाऊ पागोटं बांधून दुसऱ्यांदा सांगायला गेले आहेत. मागच्या दाराने.

तुझा,
अभिमन